डाव्या हाताचा पीळ

कारखान्यात तिला अठरा वर्षं सगळे नुसतं 'बाई' म्हणत. मग तिची धाकटी जाऊ त्याच कारखान्यात कामाला लागली, आणि दोन बायांत घोळ नको म्हणून लोक एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणू लागले. लोकांना वाटलं, थोरली म्हणजे मानच की! तिला मात्र पहिल्याच दिवशी कळलं, की आजवर जे आपलं एकटीचं होतं त्याची आता वाटणी सुरू झाली.

कारखाना सांगाड्यांचा होता. खऱ्या हाडांचा नव्हे, मेडिकल कॉलेजात मुलांना शिकवायला लागतात तसल्या प्लास्टिकच्या सांगाड्यांचा. खालच्या मजल्यावर साचे होते. तिथून हाडं निघत, गरम आणि उग्र वासाची. वरच्या लांबलचक खोलीत ती घासून, जोडून, रंगवून उभी केली जात. भिंतीकडेला कवट्या, मधल्या टेबलावर बरगड्या, दाराजवळ हातपाय. आणि खिडकीशी, सगळ्यांत चांगल्या उजेडात, कणे ओवायचं टेबल. ते थोरलीचं.

कणा ओवणं म्हणजे फुलं ओवणं नव्हे. मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच, त्याखाली पाचरीसारखं त्रिकोणी हाड आणि सगळ्यांत शेवटी माकडहाड. मणक्यांवर आकडे घालायचे नाहीत अशी कॉलेजांची अट होती. आकडे दिले तर मुलं हाडं कशाला शिकतील? सगळे मणके एका टोपलीत येत आणि ओवणारीनं नजरेनं आणि बोटांनी ओळखायचं, हा चौथा, हा पाचवा. दोन मणक्यांमध्ये रबराची चकती, मधून जाड तार, आणि वरच्या टोकाला पक्कडीनं तारेला पीळ. पहिली दोन वर्षं मणके थोरलीच्या स्वप्नात येत. तिसऱ्या वर्षी ती गप्पा मारता मारता ओवू लागली.

धाकटी आठ महिन्यांत गप्पा मारता मारता ओवू लागली.

आणि शिकवलं कुणी? थोरलीनंच. दिराची नोकरी गेली तेव्हा मालकांकडे शब्द टाकला तोही थोरलीनं, शेजारी स्टूल ओढून दिलं तेही थोरलीनं. "हे बघ, हा जरा रुंद आहे ना, हा खालचा," असं म्हणत तिनं स्वतःच्या हातानं त्या पोरीच्या हातात एकेक मणका ठेवला होता. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर निदान एवढा निवडून तरी पाडू नये माणसानं.

बरं, धाकटी वाईट असती तरी चाललं असतं. कामचुकार असती, चोंबडी असती, उलट बोलली असती, तर थोरलीनं तिच्यावर मायाही केली असती. पण ती सकाळी सगळ्यांच्या आधी येई, 'वहिनी, वहिनी' करी, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे मागच्या अंगणात डबे उघडून बसले की ही चार घास खाऊन पुन्हा वर पळे. "तिला म्हणावं, मालक वर नाहीयेत, खाली जेवतायत, दाखवतेस कुणाला?" थोरली म्हणे. बाकीच्या हसत. कवटीवाली मात्र एकदा म्हणाली, "बाई, तुम्ही जेवताय की तिला चावताय?"

घरी तर याहून बरं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांच्या पाठीतला एक मणका चिरला. दीड महिना उताणं पडून राहायचं होतं. त्या दीड महिन्यात धाकटीनं रजा काढून त्यांचं सगळं केलं, कूस बदलण्यापासून भांडं देण्यापर्यंत. केलं, नाही कोण म्हणतंय? पण त्याआधीची सोळा वर्षं त्या घरात चूल कुणी पेटती ठेवली, नणंदेची दोन बाळंतपणं कुणी काढली, सासऱ्यांचं शेवटचं दुखणं कुणी उपसलं, हे विचारायला कुणाच्या पाठीतला मणका चिरला नव्हता. सासूबाई उठून बसायला लागल्या, शेजारीण भेटायला आली, आणि थोरली चहा ओतत असताना म्हातारी म्हणाली, "धाकटी म्हणजे आमच्या घराचा कणा आहे हो. ती आहे म्हणून घर उभं आहे."

चहा एक थेंब सांडला नाही. थोरलीनं शेजारणीला बशी दिली, साखर विचारली, आणि मनात म्हणाली, ही कणा, तर मी कोण? माकडहाड?

संध्याकाळी तिनं नवऱ्याला हेच सांगितलं. तो बूट काढत होता. "आई म्हातारी आहे गं," तो म्हणाला. "धाकटी चांगली आहे. तूही चांगली आहेस." आणि दुसरा बूट काढला. दिवसाला चार कणे ओवणाऱ्या बाईच्या वाट्याला घरी एकही आला नव्हता, असं तिला त्या क्षणी वाटलं.

हे सगळं तिनं गिळलं असतं. बायका याहून मोठं गिळतात. पण मग मास्तरांच्या खुर्चीचा प्रश्न निघाला.

मास्तर म्हणजे तपासनीस. हातात कायम फूटपट्टी असे म्हणून मास्तर. तयार झालेला प्रत्येक सांगाडा त्यांच्यापुढून जाई, ते शिक्का मारत, मगच तो खोक्यात बसे. आता त्यांचे गुडघे गेले होते आणि महिनाअखेरीस ते घरी बसणार होते. त्यांच्या जागी कोण, हे मालक सांगणार होते. थोरलीला ते ठाऊकच होतं. एकवीस वर्षं झाली, दुसरं आहे कोण? तिनं मनातल्या मनात त्या खुर्चीवर उशीसुद्धा घालून ठेवली होती.

तेवढ्यात नव्या कॉलेजची मोठी मागणी आली. चाळीस सांगाडे. मालक टेबलाशी आले आणि म्हणाले, "या खेपेचे कणे सगळे धाकटीला करू द्या. थोरल्या बाई, तुम्ही नेहमीचं किरकोळ बघा. डोळ्यांना जरा आराम."

डोळ्यांना आराम! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हे कमी म्हणून की काय, त्याच आठवड्यात मालक कुणा पाहुण्याला कारखाना दाखवत फिरले, खिडकीशी थांबले, आणि धाकटीकडे हात करून म्हणाले, "आणि ही आमच्या कारखान्याचा कणा." पाहुणा हसला. विनोद कळला म्हणून हसला. थोरली दोन हातांच्या अंतरावर बसली होती आणि तिच्याही हातात कणाच होता. पण तो कुणाला दिसला नाही. घरात म्हातारी, इथे मालक. दोघांनी ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

धाकटी लाजून म्हणाली, "वहिनींनीच शिकवलंय." हे तर सगळ्यांत वाईट. एखादीनं कौतुक चोरावं, आपण चोर म्हणून ओरडावं. हिनं कौतुक घ्यायचं आणि वर त्यातला चतकोर आपल्याला दान करायचा!

खेप निघायच्या आदल्या दिवशी धाकटी जेवणाच्या सुट्टीत सासूबाईंचं औषध आणायला गेली. खोली रिकामी होती. चाळीस कणे भिंतीवरच्या हुकांना ओळीनं टांगलेले, कवट्यांची वाट बघत. थोरली पाण्याची बाटली घ्यायला वर आली होती, हे खरं आहे. बाटली घेतली, हेही खरं आहे. मग तिनं मधला एक कणा उतरवला, वरचा पीळ सोडला, मानेचे पहिले तीन मणके काढून पदरात ठेवले, चौथा आणि पाचवा काढला, आणि आधी चौथा घालून मग पाचवा घातला. त्या दोघांत फरक इतका कमी, की बाहेरच्या माणसाला आयुष्यभर दाखवला तरी दिसू नये. चकत्या घातल्या, वरचे तीन चढवले, तारेला पीळ दिला आणि कणा परत टांगला. चार मिनिटं लागली.

खाली येऊन ती पोटभर जेवली. किती दिवसांनी अन्नाला चव लागली! तिला भीती वाटली नाही, वाईट वाटलं नाही. बरगडीवाल्याला तिनं आपल्या डब्यातली भाजीसुद्धा वाढली. माणूस पाप करून आला की चेहरा पडतो असं म्हणतात. म्हणोत बापडे.

मास्तर हल्ली चोवीस मोजत आणि शिक्का मारत. चोवीस भरले. खेप गेली.

बारा दिवस ती वाट बघत होती. रोज गाडी आली की तिचे कान दाराकडे. कॉलेजवाल्यांना कळणारच नाही, असंही एकदा वाटलं, आणि त्या विचारानं तिला चक्क चोरी झाल्यासारखं वाटलं. तेराव्या दिवशी खोकं परत आलं.

मालकांनी सगळ्यांना खिडकीशी बोलावलं. टेबलावर तो कणा ठेवला, बरगड्या काढून, नागडा. हातात कॉलेजचं पत्र होतं. परीक्षा घेणाऱ्या कॉलेजच्या बाईंनी एका मुलाला मानेतला चौथा मणका दाखवायला सांगितलं. त्यानं दाखवला. बाई म्हणाल्या, चूक, तो पाचवा आहे, आणि त्याला नापास केलं. मुलगा रडकुंडीला आला, पण हटला नाही. शेवटी दुसरा सांगाडा आणून शेजारी ठेवला, तेव्हा मुलगा बरोबर निघाला आणि सांगाडा चूक. "पस्तीस वर्षांत," मालक म्हणाले, "पस्तीस वर्षांत असं पत्र मला आलेलं नाही."

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. धाकटी पांढरीफटक पडली होती. हे बघायलाच तर आपण जगत होतो, असं थोरलीला वाटलं.

मालकांनी कणा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. वरच्या टोकाशी त्यांचा अंगठा थांबला. मग त्यांनी भिंतीवरचा दुसरा एक कणा घेतला, शेजारी धरला, आणि हळूच म्हणाले, "खेप धाकटीची. पण हा पीळ तर तुमचा, थोरल्या बाई."

कारखान्यात सगळी उजव्या हाताची माणसं. त्यांचा पीळ घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. एकटी थोरली डावखुरी. तिचा पीळ उलटा. एकवीस वर्षं हे सगळ्यांना माहीत होतं, नवीन माणसाला गंमत म्हणून दाखवलं जायचं. त्या दिवशी पक्कड हातात घेताना जगातली एकच व्यक्ती हे विसरली होती. बोटांना कपट शिकवायचं राहून गेलं.

मालकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर कीव होती. "डोळ्यांचं मी म्हटलंच होतं," ते पुटपुटले. "वय होतं, बाई. कुणाचं होत नाही?"

तेवढ्यात धाकटी पुढे आली. "मालक, तो मी ओवलाय," ती म्हणाली. "त्या दिवशी माझं मनगट दुखत होतं. वहिनींना म्हटलं, तेवढा पीळ मारून द्या. त्यांनी नुसता पीळ मारला. मणके मीच चुकवले. पगार कापा, काय करायचं ते करा, पण त्यांना काही बोलू नका."

थोरली बघतच राहिली. ही खोटं बोलतेय. आपल्यासाठी. सगळ्यांसमोर, मान वर करून. आणि वाटलं काय? कृतज्ञता वाटायला हवी होती. क्षणभर सुटल्यासारखं वाटलंही. झालं की मनासारखं! चूक धाकटीच्या नावावर चढली, आपण मोकळ्या. खुर्ची आता कुठे जाते?

मालक धाकटीकडे वळून म्हणाले, "चूक कुणाच्या हातून होत नाही? पण अशी चारचौघांत अंगावर घ्यायला माणसाला कणा लागतो. मास्तरांच्या खुर्चीवर मला असंच माणूस हवं आहे. चुकलं तर चुकलं म्हणणारं." बरगडीवाल्यानं मान डोलावली. मास्तरांनी फूटपट्टीनं टेबलावर टकटक केलं, म्हणजे त्यांचीही संमती. कवटीवालीनं तर पुढे होऊन धाकटीची पाठ थोपटली.

म्हणजे हेही तिलाच! काम चोख केलं तेव्हा कौतुक तिचं, आणि काम बिघडलं तेव्हाही कौतुक तिचंच. आणि बिघडवलं कुणी? चार मिनिटं जीव मुठीत धरून तो पीळ सोडला कुणी, पदरात मणके घेतले कुणी? थोरलीच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

"खोटं बोलतेय ती!" ती ओरडली. "तिचं काही नाही त्यात. मी केलंय ते. तिनं बरोबर ओवला होता, मी तो उतरवला, मी सोडला, मी चौथा पाचव्याच्या जागी घातला. मुद्दाम! डोळे उघडे ठेवून केलंय. तिला काय कळतंय त्यातलं?"

ओरडून झाल्यावर तिला ऐकू आलं, की आपण काय बोललो. कवटीवालीचा हात धाकटीच्या पाठीवर तसाच राहिला. "अगंबाई," एवढंच ती म्हणाली. मालक खुर्चीत बसले. थोरली मात्र उभी होती, आणि खरं सांगायचं तर तिला लाज वाटत नव्हती. गुन्हा का असेना, तिचा तिला परत मिळाला होता.

"मुद्दाम?" धाकटीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "मग आधीचे तीन पण?"

"कुठले तीन?" थोरली म्हणाली.

तोंडातून शब्द गेले आणि धाकटीचा चेहरा बदलला. तिनं खालचा ओठ दातात धरला. "काही नाही, वहिनी. मी आपलं उगाच."

"कुठले तीन? बोल ना."

"राहू दे ना."

"बोल म्हणते ना!"

धाकटी जमिनीकडे बघत बोलली. "तुमच्या हुकांवरचे. या चार महिन्यांतले. दोन पाठीत चुकले होते, एक कमरेत. सुट्टीत मी वर येऊन सोडवले आणि नीट लावले. म्हटलं, कुणाला कळायला नको. आजचा पीळ बघितला तेव्हा मला वाटलं, तुम्ही माझ्यातला एखादा करून दिला असेल आणि पुन्हा तसंच... म्हणून मी म्हटलं."

थोरलीनं खिडकीकडे बघितलं. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या इमारतीवरची पाटी तिला वाचता येत होती. लांबचं तिला सगळं वाचता येत होतं. जवळचं, हातातलं, गेले काही महिने जरा धूसर होतं, पण ते तिनं उजेडावर ढकललं होतं, टोपलीतल्या मालावर ढकललं होतं, धाकटी शेजारी बसते त्या सावलीवरसुद्धा ढकललं होतं. बोटं तर खोटं बोलणार नाहीत ना, असं ती स्वतःला सांगत आली होती. तीन कणे. तिनं ते गप्पा मारता मारता ओवले असतील, आणि बरोबर आहेत असं समजून खुशाल टांगले असतील.

मालकांनी घसा साफ केला. "थोरल्या बाई," त्यांनी विचारलं, "ते तीन पण मुद्दामच ना?"

आणि खोलीतली सगळी माणसं तिच्याकडे बघू लागली. धाकटीसुद्धा. तिच्या डोळ्यांत तर सरळ विनवणी होती, हो म्हणा. हो म्हणणं किती सोपं होतं! जळकी, कपटी, नतद्रष्ट असं नाव झालं असतं. होऊ दे. नतद्रष्ट बाईला लोक चार दिवस शिव्या देतात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तिच्यापुढे टोपली ठेवतात, कारण तिच्या हातात काम असतं. हात गेलेल्या बाईला कुणी शिवी देत नाही आणि टोपलीही देत नाही. हो म्हटलं की एकवीस वर्षं शाबूत राहणार होती.

तिनं धाकटीकडे बघितलं. या पोरीचं आजवर तिला काय काय हवं होतं, सासूबाईंचा शब्द, मालकांचा हात, ती खुर्ची. आत्ता त्यातलं काही नको होतं. फक्त ते डोळे हवे होते, चौथा आणि पाचवा हातात घेताच ओळखणारे. चार महिने ही आपल्या पाठीशी उभी होती आणि आपण अंगणात बसून हिचीच टिंगल करत होतो.

"नाही," थोरली म्हणाली. "मुद्दाम एकच केला. ते तीन मला माहीतच नव्हते."

पण हे म्हणताना तिचा आवाज इतका खाली गेला, की मालकांना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि तिला ते सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा, मोठ्यानं सांगावं लागलं.